आजारी अळ्यांचा कारखाना

माझं उभं नोकरीचं आयुष्य अळ्यांना आजारी पाडण्यात गेलं. हे वाक्य मी मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत सहज बोलून गेले, तेव्हा होणाऱ्या विहीणबाईंनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. सोयरीक जुळली, पण तेव्हापासून घरच्यांची मला ताकीद आहे की चारचौघांत "शेतीतलं काम होतं" एवढंच म्हणायचं. इथे चारचौघं दिसत नाहीत, म्हणून सगळं सांगते.

जालन्याजवळच्या एका शेतकी केंद्रात, अवजारांच्या शेडमागे, दोन खोल्यांची आमची प्रयोगशाळा होती. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्याकडे एका अळीनं उच्छाद मांडला होता. कापसावर गेली की लोक तिला बोंडअळी म्हणत, तुरीवर-हरभऱ्यावर आली की घाटेअळी. नाव बदलायचं, भूक तीच. औषधांना ती दाद देईनाशी झाली होती. लोक एका डब्यात दुसरा डबा ओतत, त्यात तिसरा. फवारणारा माणूस चक्कर येऊन पडायचा आणि अळी पान खातच राहायची. या अळीला विषाणूचा एक रोग होतो, आणि तो फक्त तिलाच होतो. तो रोग वाढवून, गाळून, बाटलीत भरून शेतकऱ्याला द्यायचा, हे आमचं काम.

ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की विषाणू पिंपात वाढत नाही. दह्यासारखं त्याचं विरजण लागत नाही, कारण तो स्वतः काही खात नाही की पीत नाही. त्याला वाढायला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते. म्हणजे रोग पाहिजे असेल तर आधी निरोगी अळ्या पाहिजेत, त्याही चांगल्या धष्टपुष्ट. आम्ही हरभऱ्याच्या पिठात यीस्ट आणि जीवनसत्त्वं घालून त्यांच्यासाठी वड्या शिजवायचो. माझी मुलगी एकदा तिथे आली होती, तो वास घेऊन म्हणाली, "आई, घरी तू इतकं खमंग पिठलं का करत नाहीस?" प्रत्येक अळीला स्वतंत्र जागा लागायची, उकळून घेतलेली इंजेक्शनची रिकामी बाटली. दोघींना एकत्र ठेवलं तर सकाळी एकच उरायची, आणि ती जाड झालेली असायची.

दोन खोल्यांपैकी एक निरोगी अळ्यांची, दुसरी आजारी अळ्यांची. सकाळी आधी निरोगी खोलीतलं काम उरकायचं आणि मग आजारी खोलीत जायचं. एकदा तिकडे पाऊल टाकलं की त्या दिवशी परत फिरायचं नाही, कारण पदराला लागून रोग इकडे आला तर निरोगी अळ्यांचं सगळं बीजच बुडायचं. हा नियम माझ्या इतका अंगात भिनला होता की घरीसुद्धा मी आधी देवघर झाडायची आणि मग मोरी. आमचे हे दारातच विचारायचे, "आज कुठल्या खोलीतून आलीस?" आजारी खोली म्हटलं की बिचारे अंघोळीचं पाणी काढायला पळायचे, कारण मेलेल्या अळ्यांचा वास केसांत राहतो.

त्या वासाची सगळ्यात जास्त शिक्षा एसटीच्या लोकांनी भोगली. गावोगाव बाटल्या पोचवायला मी भोकरदनच्या बसनं जायची. एकदा कॅनचं झाकण जरा सैल राहिलं. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला.

"बाई, काय मेलंय त्यात?"

"अळ्या."

"कशानं?"

"विषाणूनं."

तेव्हा विषाणू हा शब्द लोकांनी फक्त दवाखान्याच्या भिंतीवरच्या एड्सच्या पोस्टरवर वाचलेला. माझ्या आजूबाजूच्या जागा पटापट रिकाम्या झाल्या. भोकरदनपर्यंत मी एकटी तिघांच्या बाकावर आरामात बसून गेले, आणि खरं सांगायचं तर पुढच्या खेपेला झाकण मी मुद्दामच फार घट्ट केलं नाही.

वडीगोद्रीचे एक माळकरी आजोबा कायम लक्षात राहिले. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, "पोरी, विख घालून मारणं एक, अन् रोग लावून सडवून मारणं एक. तुला झोप येती का?" मी म्हटलं, "येते बाबा. दिवसभर उभं राहून पाय मोडतात." त्यांनी माळेला हात लावला आणि म्हणाले, "मंग दोन एकराचं बांधून दे."

ती प्रयोगशाळा आता नाही. नव्या वाणाचा कापूस आला, त्यावरची बोंडअळी फवारणीवाचून मरू लागली. हरभऱ्यासाठीही झटपट मारणारी औषधं दुकानात आली. आमची बाटली सावकाश काम करायची, आणि सावकाश चालणाऱ्या गोष्टीची कोणी वाट पाहीना. आजारी खोलीत आता खताची पोती आहेत. याचं मला वाईट वाटतं, अगदी मनापासून वाटतं. पण एका हिवाळ्यात केदारखेड्याला जे पाहिलं ते आठवलं की नोकरी वाया गेली असं काही वाटत नाही.

केदारखेड्याच्या सरूबाई महिलांच्या प्रशिक्षणाला केंद्रावर आल्या होत्या. बाकीच्या बाया चहाला गेल्या, ह्या एकट्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला अगदी रोखठोक.

"म्याडम, तुमच्याकडं बिनविखाचं औषध हाय म्हणत्यात."

"औषध म्हणजे रोग आहे. अळीचा."

"माणसाला होतो का?"

"माणसाला नाही, जनावराला नाही. दुसऱ्या जातीच्या अळीलासुद्धा नाही."

त्या स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांचे यजमान, आसाराम, कापसावर फवारताना वावरातच पडले होते. तोंडाला फेस आलेला. जालन्याच्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचले.

"पण तवापासून पंपाचा वास आला का थरथर सुटती त्यांना, वकारी येती. वावरात पाय ठेवत न्हाईत. दारात बसून राह्यले निस्ते. चांगला राबणारा माणूस, म्याडम. वावर घराला खेटून हाय, तरी तिकडं तोंड करत न्हाईत." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "म्या ठरवलं, माझ्या वावरात विखाचा डबा येणार न्हाई. दीर म्हणतो, वैनी, मंग अळ्या काय गाणं म्हणून घालवणार का? त्याच्याशी माझा शब्द झालाय. यंदाचा हरभरा बिनविखाचा काढून दाखवला तर ठीक. न्हाई जमलं तर वावर त्यानं बघायचं, त्याच्या मनानं औषध मारायचं. अन् तसं झालं तर हे दाराच्या बाहेर बी निघायचे न्हाईत."

मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर मेलेल्या अळीच्या पाण्याचा थेंब होता, त्यात चमकणारे बारीक दाणेच दाणे. "रव्यावाणी हाय," त्या म्हणाल्या. मग मी त्यांना सगळं समजावलं. ते इथेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तो एकेक दाणा म्हणजे प्रथिनाची एक बंद डबी, आणि तिच्यात पुष्कळ विषाणू. डबी मोठी चिवट. साध्या पाण्यात ती विरघळत नाही, हरभऱ्याच्या आंबीतही नाही. आंब म्हणजे हरभऱ्याच्या पाल्यावर सुटणारं आंबट दव. आमच्याकडे बाया थंडीत पिकावर धडपं पसरून ठेवतात, सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरतात आणि पोटदुखीला वर्षभर पुरवतात. अळीच्या पोटातला रस मात्र याच्या उलट, सोड्याच्या पाण्यासारखा खारा असतो. अळीनं पान खाल्लं की त्या रसात डबी विरघळते, विषाणू मोकळे होतात आणि आतड्याच्या पेशींत शिरतात.

पेशीच्या मधोमध केंद्रक असतं. पेशीनं काय करायचं याचे हुकूम तिथून सुटतात. विषाणू तिथे जाऊन बसतो आणि स्वतःचे हुकूम सोडतो. पेशीला फरक कळत नाही, ती इमानेइतबारे राबत राहते, फक्त आता विषाणूसाठी. विषाणूला आपल्यासारखी पिल्लं होत नाहीत. त्याचे सुटे भाग तयार होतात. आतला हुकुमांचा धागा वेगळा, त्यावर चढवायचं नळकांडं वेगळं. ढिगानं भाग तयार झाले की तिथेच त्यांची जोडणी होते. पहिली खेप पेशीबाहेर पडून शेजारच्या पेशींत घुसते, तिथे पुन्हा तेच. नंतरच्या खेपेला मात्र बाहेर जायचं नसतं. तिच्याभोवती पेशीकडूनच प्रथिनाच्या डब्या बांधून घेतल्या जातात. केंद्रक डब्यांनी गच्च भरतं, फुगतं, शेवटी पेशी फुटते. तोवर अळीला काय बुद्धी होते कोण जाणे, ती झाडाच्या शेंड्यावर चढते, मागच्या पायांनी धरून डोकं खाली करून लटकते आणि मरते. कातडं फुटतं, आतलं पाणी खालच्या पानांवर ओघळतं. ती पानं दुसरी अळी खाते.

सरूबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी पाव्हणा घुसला. चूल आपली, पीठ आपलं, थापायला बी आपणच. अन् भाकरी बांधून हा चालला शेजारच्या घरी." पुढे प्रत्येक प्रशिक्षणात मी हेच वाक्य वापरलं, आणि दर वेळी सरूबाईंचं म्हणूनच सांगितलं.

मी त्यांना बजावलं, "अळी लगेच मरणार नाही, पाच-सहा दिवस लागतील. मधले दिवस ती खाताना दिसेल. तेव्हा धीर धरायचा. घाबरून वरून विष मारलं तर अळी मरेल, पण तिच्या पेशीही मरतील आणि आतला कारखाना बंद पडेल." बाकीच्या सूचना नेहमीच्या होत्या. संध्याकाळी फवारायचं, कारण ऊन विषाणूला मारतं. पाण्यात गूळ घालायचा, म्हणजे अळी आवडीनं खाते. आणि कपड्याची नीळ घालायची, तिचा उन्हापासून थोडा आडोसा होतो.

घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, धरू लागले तेव्हा त्यांनी फवारणी केली; सामान आणायला आणि कालवायला दीर होता. आठवडाभरानं मी केदारखेड्याला उतरले आणि दारात बसलेल्या आसारामांसमोरून वावराकडे गेले. बांधावर सरूबाईंचे दीर बबनराव उभे होते, पायाशी औषधाचा सीलबंद डबा.

"या म्याडम," ते म्हणाले, "तुमच्या अळ्या लई खूश हायेत. गूळ आवडला त्यांना."

मी वाकून पाहिलं. घाट्यांना भोकं होती आणि अळ्या अर्धं अंग आत घालून निवांत खात होत्या. एकही सुस्त नाही, एकही फिकट नाही. सरूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. बाटलीच खराब निघाली असेल तर? प्रयोगशाळेत अळी वाचली तर बाटली धुवून पुन्हा सुरू करता येतं. इथे एका माणसाचं दाराबाहेर पडणं त्या बाटलीवर टांगलेलं होतं.

"संध्याकाळीच फवारलं ना?"

"व्हय."

"गूळ? नीळ?"

"समदं घातलं," बबनराव म्हणाले. "दुपारचं जेवण झाल्यावरच मोठ्या कॅनात कालवून ठेवलं, मंग सांजच्याला मारलं."

कॅन लिंबाखाली पडलेला होता. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी ते हातावर घेतलं. गुळामुळे पिवळट होतं, पण निळं अजिबात नव्हतं, आणि बोटांना बुळबुळीत लागत होतं.

"ही नीळ नाही."

"न्हाईच मुळी," बबनराव म्हणाले. "दुकानात नीळ संपल्ती. दुकानदार म्हणला, धुण्याचा सोडा ने, कपडे ह्याच्यानं जास्त उजळतात. म्या म्हनलं, धुण्याचंच हाय की दोन्ही."

मी बांधावर खालीच बसले. अळीच्या पोटात जे व्हायचं ते कॅनमध्येच होऊन गेलं होतं. सोड्याच्या पाण्यात दुपारभर राहून सगळ्या डब्या विरघळल्या, विषाणू उघडे पडले, आणि आत शिरायला जवळ एकही जिवंत पेशी नाही. ते पाणी मी नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, त्यात एकही चमकता दाणा नव्हता. पण तेव्हा बघायची गरजही नव्हती. मी दोघांना सांगितलं.

"म्हंजी माझ्यामुळं झालं?" बबनरावांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी थोडा वेळ मातीत अंगठा टोकरला. मग म्हणाले, "ते काय असंल ते असंल. पण पीक चाललंय डोळ्यांदेखत. शब्द ठरल्ता आपला, वैनी. म्या उद्या औषध मारतो."

"ठरल्ता. बराबर हाय," सरूबाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "निस्तं सकाळची गाडी जाऊ द्या, भावजी. ह्यांना बहिणीकडं भोकरदनला धाडते. वास जाईस्तवर राहतील तिथं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सगळ्या वावरात सोड्याचंच पाणी गेलं का?"

"न्हाई. शेवटाला पाणी पुरलं न्हाई. उरलेली बाटली नव्या पाण्यात टाकली, पण सोड्याचा पुडा संपल्ता. विहिरीकडची तासं निस्ता गूळ घालून मारली," बबनराव म्हणाले.

मी उठले आणि पिकातून अक्षरशः पळत विहिरीकडे गेले. सरूबाई माझ्या पुढे निघाल्या आणि त्यांनीच आधी पाहिलं. "म्याडम! लटकल्यात! ह्या लटकल्यात बघा!"

विहिरीकडच्या तासांत, त्या शेवटच्या ओळींत, शेंड्याशेंड्याला अळ्या उलट्या लोंबत होत्या. काही मळकट पिवळ्या, काही काळ्या पडलेल्या, आतून पाणी झालेल्या. सरूबाईंनी एकीला बोट लावलं तर ती बोटावरच फुटली. मी जन्मभर मेलेल्या अळ्या पाहिल्या, पण त्या पाहून इतका आनंद कधी झाला नव्हता.

"बबनराव, एक संध्याकाळ द्या," मी म्हटलं. "बाटली आणायची गरज नाही. बाटली तुमच्या वावरातच तयार झालीय."

"एवढ्याशा अळ्यांनी?"

"एकेकीत मोजता येणार नाहीत इतक्या डब्या आहेत."

त्यांनी लटकलेल्या एका अळीला काडी लावून पाहिली. मग डबा उचलून लिंबाच्या बुंध्याशी ठेवला आणि म्हणाले, "आजची सांज. वेचू लागतो."

आम्ही तिघांनी वेचल्या, मी चिमट्यानं, त्या दोघांनी बाभळीच्या काट्यानं. फुटलेल्या तशाच सोडल्या. विहिरीजवळच्या दगडावर सरूबाईंनी त्या वाटल्या आणि आंबीचं धडपं आणून त्यातून गाळलं. ह्या वेळी नीळ शेजारणीकडून आली आणि मी ती आधी पाण्यात टाकून बघितली.

वासाचं काय सांगू? बंद खोलीतला वास मला सवयीचा होता, पण उघड्या दगडावर ताजा वाटलेला वेगळाच. बबनरावांनी आधी नाक दाबलं, मग उपरणं बांधलं, पंप भरताना मात्र त्यांना उलटी झाली. "माझ्याच्यानं न्हाई होत," असं म्हणत ते घराकडे गेले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. काही घाटे गेलेच, अळी मोठी झालेली होती. पण हरभरा हाती आला, औषधाचा डबा सीलबंदच दुकानात परत गेला, आणि आमची प्रयोगशाळा बंद पडल्यावरही सरूबाई दर हिवाळ्यात आपल्या अळ्या आपणच वेचून वाटत राहिल्या. मला मात्र आठवते ती सांज.

सरूबाईंनी पंप उचलायला हात घातला, तेवढ्यात घराच्या बाजूनं एक उंच, वाळलेला माणूस पिकाच्या कडेनं येताना दिसला. आसाराम. मी त्यांना पहिल्यांदाच उभं पाहत होते. बबनरावांची अवस्था बघून आले असावेत. सरूबाई होत्या तिथेच थिजल्या. "नका येऊ," त्या हळूच म्हणाल्या, "वास हाय."

ते आले. पंपाशी थांबले. हात थरथरत होते, मला दिसत होतं. त्यांनी वाकून टाकीच्या तोंडाशी नाक नेलं. सरूबाईंनी त्यांना धरायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

आसारामांनी तोंड वाकडं केलं. मान मागे घेतली. पुन्हा एकदा वास घेतला.

"हा त्यो वास न्हाई," ते म्हणाले.

मग खाली बसून त्यांनी पंपाचे पट्टे खांद्यात अडकवले आणि उठले. पहिल्या तासाला पाय अडखळत पडले, दुसऱ्याला जरा बरे, मग हात आणि पाय जुन्या सवयीला लागले. सरूबाई बांधावर माझ्याशेजारी बसून बघत होत्या. हात अळ्यांच्या घाणीनं भरलेले, म्हणून डोळे कोपरानं पुसत होत्या.

दिवस मावळला, पंप संपला. आसाराम आमच्यापुढे येऊन उभे राहिले, घामेजलेले, कपाळावर निळे शिंतोडे. रिकामा पंप त्यांनी खाली ठेवला नाही.

"म्याडम," त्यांनी विचारलं, "उद्याच्याला हाय का अजून?"

कॅन रिकामा होता. मी विहिरीकडच्या तासांकडे पाहिलं.

"हाय, दादा," मी म्हटलं. "तुमच्याच वावरात तयार होतंय."